जायफळ न घातलेली बिस्किटं

सकाळपासून माझ्या स्वयंपाकघरात सुक्या बोंबलाचा वास दरवळतो आहे. दरवळतो असंच म्हणायचं, कारण तो आता मला आवडतो. ज्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर थांबायचा, त्या घराच्या ओट्यावर आज बोंबलाच्या भुकटीची बरणी आहे आणि तिच्या शेजारी, अंगाला अंग लावून, गोड्या मसाल्याची. दोघींचं भांडण झाल्याचं अजून तरी ऐकिवात नाही. भट्टीत नाचणीची बोटभर लांबीची बिस्किटं भाजताहेत, कडेनं तांबूस होताहेत, आणि मागच्या दाराच्या उंबऱ्यावर हनुवटी टेकून आमचा कुत्रा, सुंभ्या, डोळे मिटून पडला आहे. डोळे मिटलेत ते मला फसवायला. नाक मात्र एकसारखं हलतंय. हा वास आला की मला तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवतो, एका कोळणीची पाटी आठवते, आणि माझ्या हातच्या खाण्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी नाक मुरडलं होतं तो दिवस आठवतो.

सुंभ्या आमच्याकडे वादळानंतर आला. दिवेआगरच्या आमच्या वाडीचं त्या वादळात जे झालं ते सांगायला बसले तर आजचा दिवस पुरायचा नाही. सुपारीची झाडं काड्यांसारखी मोडून पडली होती, माडाचे शेंडे विहिरीत होते, आणि सासऱ्यांनी लावलेल्या जायफळांपैकी एकच झाड तेवढं तिरकं होऊन, अर्धी मुळं उघडी टाकून, कसंबसं तग धरून होतं. त्याच्या बुंध्याशी एका सकाळी हा येऊन बसला. चांगला वाढलेला होता, कुणाच्या तरी घरचा असावा, पण विचारत कुणी आलं नाही. अंगाचा रंग काथ्याचा, केसही तसेच राठ, म्हणून सुंभ्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तर स्वभावही तोच. आम्ही नवराबायको तेव्हा दिवसभर पडलेली झाडं तोडत असू आणि संध्याकाळी एकमेकांशी बोलायला आमच्याकडे काही उरलेलं नसे. त्या मुक्या घरात हा एकटा भुंकायचा. त्या भुंकण्यानं घर पुन्हा घरासारखं वाटायला लागलं, हे मी कुणालाही सांगेन.

मग हळूहळू पर्यटक परतले, आमच्या दोन खोल्यांत पुन्हा पाहुणे उतरू लागले, आणि सुंभ्याला एक नवाच नाद लागला. उन्हं कलली की स्वारी समुद्रावर. तिथे मुंबई-पुण्याची मंडळी, त्यांच्या हातात क्रीमच्या बिस्किटांचे पुडे, वेफर, पाव. हा वाळूत पोट वर करून लोळायचा, एक पंजा पुढे करायचा, आणि ते लोक किती गोड, किती गोड म्हणत पुडा रिकामा करायचे. घरी आल्यावर भाताकडे ढुंकून बघायचा नाही. मी म्हणायचे, मुक्या जिवाला कुणी प्रेमानं घालतंय तर खाऊ दे, आपलं काय जातंय. आपलं काय जातं ते पुढे कळलं. त्या वर्षी होळीच्या सुमाराला तो पडवीच्या दोन पायऱ्या चढताना मध्ये थांबायला लागला, खाल्लेलं ओकायला लागला, आणि एका सकाळी त्याच्या डोळ्यांतलं पांढरं मला हळदीसारखं दिसलं. तालुक्याचे गुरांचे डॉक्टर आले. शांत, कमी बोलणारा माणूस. पोट चाचपलं, रक्त तपासायला नेलं आणि दोन दिवसांनी फोनवर म्हणाले, "काकू, यकृताला सूज आहे. गोळ्या देतो, पण बिस्किटं, पाव, गोड, सगळं आजपासून बंद. ते चालू राहिलं तर हा पावसाळा तो काढायचा नाही." पावसाळ्याला तीन महिने होते.

बंद म्हणणं सोपं असतं. बांधून ठेवला तर दोरी कुरतडायचा आणि ताटलीला तोंड लावायचा नाही. सोडला की थेट किनारा. भातात गोळी लपवली तर सगळा भात विस्कटून गोळी तेवढी बाजूला काढून ठेवायचा, जणू आमटीतलं आमसूल. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "त्याला बिस्किटच हवंय ना, मग घरी करा. नाचणीचं करा, साखर-गूळ नको. गोळीही त्यातून पोटात जाईल." हे ऐकलं आणि मी पदर खोचला. माझ्या हातचं आजवर कुणी परत पाठवलेलं नाही. हा गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. माझ्या मोदकांसाठी लोक खोल्या आधी धरून ठेवतात. शिवाय चाखल्यावाचून करण्यात माझा हात बसलेला. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो, तो वासावर आणि हाताच्या अंदाजावर करायचा, हे माझ्या आईनं मला फार लहानपणी शिकवलं होतं. कुत्र्याचं बिस्किट ते काय, असं मला वाटलं.

नाचणीचं पीठ मंद आंचेवर भाजलं, ओलं खोबरं वाटून घातलं, लाल भोपळा उकडून त्यात मळला. आणि सगळं झाल्यावर माझा हात आपोआप डब्याकडे गेला आणि मी वर जायफळ किसलं. आमच्याकडे वाडीतल्या कुठल्याही घरी जा, खोबऱ्याच्या पदार्थावर शेवटचा हात जायफळाचाच. त्यात त्या वर्षी तर आमच्या त्या तिरक्या झाडानं वादळानंतर पहिल्यांदा फळ धरलं होतं. ती फळं उकलताना आतली लालभडक जायपत्री बघून मी अक्षरशः रडले होते. तेव्हापासून शिऱ्यात जायफळ, कॉफीत जायफळ, पुरणात तर विचारूच नका. यजमान म्हणायचे, "आमटी तेवढी सोड बाई." तर अशी ती सुवासिक बिस्किटं मी सुंभ्यापुढे ठेवली. त्यानं एकदा वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि तो उठून विहिरीकडे निघून गेला. मी मागे गेले. जबडा धरून एक तुकडा आत सारला. तो त्यानं थुंकला. तीन दिवस हेच. मी इतकी चिडले होते की चौथ्या दिवशी, काय वाट्टेल ते झालं तरी दोन बिस्किटं घशाखाली उतरवायचीच, असं ठरवून मी पायरीवर बसले होते.

तेवढ्यात मावशी आल्या. या मावशी म्हणजे आमच्या पाखाडीच्या दगडी वाटेवरून तेव्हा वीसेक वर्षं मासळीची पाटी घेऊन जाणारी कोळीण. आमचं घर शाकाहारी, त्यामुळे त्यांनी इथे कधी हाळी दिली नाही. उलट आमच्या बेड्याशी, कुंपणाच्या फाटकाशी, आल्या की पाटीवरचं फडकं नीट ओढून घ्यायच्या, पाणी मागायच्या, पाटी बाहेरच्या दगडावर ठेवून घटकाभर टेकायच्या आणि पुढे जायच्या. वीस वर्षांत मी त्यांच्या पाटीत काय असतं ते पाहिलं नव्हतं. सुंभ्याची मात्र त्यांच्याशी जुनी मैत्री. त्या दिवशी त्यांनी माझ्या मांडीवरची ताटली पाहिली, एक बिस्किट उचललं, हुंगलं.

"वयनी, ह्याला लाडवाचा वास येतोय. काय काय घातलंस?"

मी सांगितलं.

"जायफळ?" मावशी थांबल्या. "अगो, तो कुत्रा हाय, सत्यनारायणाचा पाव्हणा न्हाय. आमी न्हान्या पोराला जायफळ उगाळून देताव, ते पन सहाणेवर एक येढा. दुसरा न्हाय देत, भ्या वाटते. डाक्तरला इचारलंस का तू?"

विचारलं नव्हतं. जायफळाबद्दल काय विचारायचं असतं, असंच मला वाटत होतं. मी तिथूनच फोन लावला. डॉक्टरांनी काय काय घातलं ते सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "काकू, जायफळ कुत्र्याला विष आहे. किती खाल्लंय त्यानं?" मी म्हटलं, काहीच नाही, थुंकतो. ते म्हणाले, "मग तो तुमच्यापेक्षा शहाणा आहे. टाकून द्या सगळं."

ज्या हातांचा एवढा तोरा मिरवला, ते हात तीन दिवस त्याचा जबडा उघडून त्याला विष भरवत होते. आणि हा थुंकत होता, तरी मला चावला नव्हता. मी पायरीवर बसून रडले, चांगली मोठ्यानं रडले. मावशींनी मला रडू दिलं. मग त्या बाहेर गेल्या, पाटी उचलून थेट अंगणात घेऊन आल्या आणि वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आमच्या दारात फडकं बाजूला केलं. आत मूठभर सुके बोंबील होते. "ह्ये घे. बांबूला टांगून वाऱ्यावर सुकवलेला हाय, मीठ लावलेला न्हाय. खारा दिऊ नको, मीठ सोसायचा न्हाय त्याला. भाज, कूट, पिठात घाल. मग बघ." मोबदल्यात त्यांनी काय मागितलं असेल? दोन जायफळं. नातीसाठी, उगाळून द्यायला.

घरात बोंबील भाजायचा प्रश्न होता. मी यजमानांकडे पाहिलं. ते माडांकडे बघत म्हणाले, "मागे विहिरीपाशी चूल मांड." त्यांनीच तीन दगड आणून दिले. मी नाकाला पदर लावून बोंबील भाजले, मावशींनी पाट्यावर कुटले. नाचणी, भोपळा, एक अंडं, ती भुकटी, बस. मीठ नाही, गूळ नाही, खोबरंही नाही. बिस्किटं तव्यावर झाकण ठेवून भाजली. आता ती चाखणार कोण? माझा अंदाज तर साफ बुडाला होता आणि मासळी मी जन्मात तोंडात घातलेली नव्हती. मावशींनी एक तुकडा मोडला, सावकाश चावला, गिळला. "जमलं," त्या म्हणाल्या. "दे त्याला."

सुंभ्यानं ते कसं खाल्लं हे लिहायला मला अजूनही मजा येते. आधी वास घेतला. मग माझ्याकडे असं पाहिलं की आता कुठे तुला अक्कल आली. मग एक खाल्लं, दुसरं खाल्लं, तिसऱ्यात गोळी होती तेही खाल्लं, आणि दगडावर सांडलेली भुकटी चाटून दगड लख्ख केला. पंचपक्वान्नांच्या पंगतीतून उठलेल्या माणसांनी मला जे सुख कधी दिलं नाही ते त्या कुत्र्यानं दिलं. मग हे रोजचं झालं. मावशी येताना बोंबील आणायच्या, चाखायच्या, निवाडा द्यायच्या. आषाढात चूल विझायला लागली तेव्हा ती पडवीत आली. श्रावणात पडवीत पाणी शिरलं तेव्हा यजमानच म्हणाले, "आत भट्टीत कर. देवघराचं दार तेवढं लोटून घे." डोळ्यांतली हळद उतरत गेली. पोट आत गेलं. ज्या पावसाळ्याची मी बोटांवर दिवस मोजत धास्ती घेतली होती, तो भातं पिवळी करून, निमूट निघून गेला.

आणि मग दिवाळीनंतरची ती संध्याकाळ. डॉक्टरांनी मोकळं सोडायला परवानगी दिली होती, तरी किनाऱ्यावर न्यायची माझी हिंमत होत नव्हती. मावशी म्हणाल्या, "आज ना उद्या जानारच तो. चल, मी येते." आम्ही तिघं गेलो. सुरूच्या झाडांतून बाहेर पडताच पाहुण्यांमधली एक चिमुरडी पळत आली, हातात क्रीमचं बिस्किट. मी तोंड उघडलं तर मावशींनी माझं मनगट धरलं. सुंभ्यानं बिस्किट हुंगलं. त्यानं त्या मुलीच्या हाताला हलकेच नाक लावलं, जणू आभार मानले, आणि वळून तो माझ्यापुढे येऊन बसला. ताठ. नजर माझ्या कमरेला खोचलेल्या त्याच्या बिस्किटांच्या पिशवीवर. मी भर किनाऱ्यावर टाळ्या वाजवल्या. चार लोक वळून बघायला लागले, बघू देत. मावशी वाळूत मटकन बसून पदर तोंडाला लावून हसत होत्या. "वयनी, जितलीस," त्या म्हणाल्या. खरं तर जिंकलो होतो तिघंही, पण त्यातलं मोठं श्रेय त्यांचं होतं.

त्याला आता तीन वर्षं होतील. तिरकं जायफळ तिरकंच आहे, पण भरभरून फळतं, आणि ती फळं आम्ही माणसंच खातो. सुंभ्याच्या तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेत, दोन दात पडलेत, म्हणून हल्ली मी बिस्किटं जरा मऊ ठेवते. मावशी पाटी घेऊन येत नाहीत. गुडघे गेले. दर घाण्याचा डबा घेऊन मी आणि सुंभ्याच कोळीवाड्यात जातो. ज्या बाईनं वीस वर्षं माझ्या दारात पाटी झाकून घेतली, तिच्या ओटीवर मी आता हक्कानं बसते. दात नसल्यामुळे त्या बिस्किट चहात बुडवून चाखतात, मान हलवतात, आणि तोवर सुंभ्या हूं की चूं करत नाही. मागल्या वेळी चाखून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता तूच चाख बाय. मी काय जलमभर पुरनार हाय?" मी विषय बदलला. पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं आणि आठवडाभर घरातच फिरत राहिलं. माणसं आपल्या हाती काही ठेवून जातात म्हणतात. खरं तर ती जाण्याआधीच, समोर बसून, ते आपल्या हाती देत असतात, आणि आपण ते घ्यायला उगीच उशीर करतो.

भट्टी बंद झाली. मी ताट बाहेर काढलं आणि ओट्यावर निवत ठेवलं. देवघराचं दार आज लोटलेलं नाही, हे माझ्या आत्ता लक्षात आलं. एक पावसाळाही काढायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. उंबऱ्यावर पडलेल्या या म्हाताऱ्याच्या दारात चौथा येऊन उभा आहे. मी एक बिस्किट मोडलं, साठ वर्षांच्या माझ्या शाकाहारी जिभेवर त्यातला कण ठेवला आणि मावशी चावायच्या तसा सावकाश चावला. मीठ नाही, गूळ नाही, जायफळ नाही. भाजलेली नाचणी, आणि तिच्यामागून समुद्राचा वारा.

"जमलं," मी म्हणाले.

सुंभ्यानं डोळे उघडले.