फोन तसाच, कार्ड गायब

चोरीला गेलेलं मेमरी कार्ड आम्ही शोधून काढलं आणि मी ते फॉरमॅट केलं. ती घटना आठवली की निवृत्तीनंतरही माझे कान गरम होतात.

तेव्हा मी नगरजवळच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हाताखाली नवीन उपनिरीक्षक मॅडम आल्या होत्या, कॉम्प्युटरमध्ये हुशार. वरिष्ठांचा फोन मी उचलायचो आणि पलीकडून विचारणा व्हायची, "मॅडम आहेत का?" माझा नुसता जळफळाट होई.

एका दुपारी नागापूरच्या वर्कशॉपमध्ये लेथ मशीन चालवणारा एक टर्नर धावत आला.

"साहेब, चार्जिंगला लावलेला फोन हाय, आतलं कार्ड तेवढं न्हाई!"

फोनची मेमरी भरली म्हणून त्याने अनुभवाचे सगळे दाखले कार्डावर सेव्ह केले होते. मूळ कागद वाळवीने खाल्ले होते. दाखले देणारी कंपनी बंद पडली होती. आणि दुसऱ्या दिवशी चाकणला फोरमनच्या जागेसाठी कागद दाखवायचे होते.

"मेलवर नाही ठेवले?"

"ठिवू ठिवू म्हनलं न् ऱ्हायलं."

ठाणे अंमलदार गहाळ झाल्याची नोंद करायला निघाला होता. मी थांबवलं. चोर असता तर फोन नेला असता. नुसतं कार्ड काढणारा जळणारा असतो. हे ज्ञान घरचंच. आदल्या आठवड्यात मी मॅडमचा माऊस गुपचूप माझ्या कपाटात टाकला होता. कॉम्प्युटर जागेवरच ठेवला होता.

"तुझं चांगलं झालेलं कुणाला खुपतंय?"

तो घुटमळला. "माझ्याच वर्कशॉपातला दोस्त हाय, साहेब. त्यानंबी चाकनलाच अर्ज केल्ता. त्याला बोलावनं न्हाई आलं."

दोस्ताला बोलावलं. दरडावलं नाही. चहा पाजला आणि टर्नरचं कौतुक सुरू केलं. "नशीबवान गडी. उद्या तो फोरमन, आणि तू लेथवरच!"

कप खाली आदळला. "त्याला लेथ म्या शिकिवली! म्या!" आणि मोबाईलच्या कव्हरमागून त्याने कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"मोडून का नाही टाकलंस?"

"त्याच्या पोरीचं फोटू हायत त्यात," तो खाली बघत म्हणाला.

पुढचं काम सोपं होतं. पंचनामा करायचा, कार्ड मॅडमकडे द्यायचं. मॅडमनी हात पुढेही केला. पण हा शोध माझा होता! मी कार्ड माझ्याच फोनमध्ये घातलं. फोनने काहीतरी विचारलं. चष्मा घरी. उघडू का विचारत असेल, म्हणून मी 'हो' दाबलं.

कार्ड कोरं. टर्नरच्याही आधी रडला तो दोस्त.

मॅडमनी कार्ड कॉम्प्युटरला जोडलं आणि पुसलेलं परत आणणारा प्रोग्राम लावला. माऊस नसल्यामुळे कीबोर्डचे बाण दाबत, एकेक खिडकी उघडत त्या पुढे सरकत होत्या. कपाट माझ्या पाठीशीच होतं. उठून दोन पावलं टाकायची माझी हिंमत होईना. संध्याकाळी पडद्यावर एक छोटी मुलगी हसली आणि तिच्यामागून दाखले येऊ लागले.

टर्नरने दोस्ताविरुद्धची तक्रार मागे घेतली. दोघं एकाच मोटारसायकलवर गेले.

इतक्या वर्षांत मी मत्सरी माणसं पुष्कळ पकडली. त्यांच्या मनातलं मला पटकन कळतं याचा मोठा अभिमान होता. कसं कळतं, याचा विचार त्या दिवशी प्रथम केला. मी मॅडमना म्हणालो, "बघा, चुकलेला माणूस शेवटी वस्तू परत करतोच."

त्या प्रिंट काढता काढता म्हणाल्या, "त्याने केली, सर. तुम्ही माऊस कधी देताय?"