डोंगरप्पा, वारप्पा आणि आमचे अण्णा

आमच्या अण्णांनी काढलेले वीर दमायचे. डोंगरप्पा एका खांद्यावर गाडी आणि दुसऱ्या खांद्यावर बैल घेऊन नदी ओलांडायचा आणि पुढच्याच चित्रात लिंबाखाली पाय पसरून बसलेला दिसायचा. त्याचा धाकटा भाऊ वारप्पा वाऱ्यासारखा पळायचा, पण पळून आला की कुणीतरी त्याच्या पोटऱ्यांना तेल चोळत असायचं. बाजाराला आलेली माणसं हसायची. "अण्णा, वीर माणूस कुठं दमतो व्हय?" असं कुणी विचारलं की अण्णा ब्रश कानावर अडकवून म्हणायचे, "जे दमत न्हाय ते इंजिन. माणूस दमतंय, बसतंय, पुन्ना उठतंय. त्यातलं उठणं तेवढं अवघड."

अण्णा म्हणजे माझे थोरले दीर. मी लग्न होऊन तुळजापूरहून मुरूमला आले तेव्हा गावातल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. निजामाच्या राज्यात ते उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळे आधी पाट्याही उर्दूतच रंगवायचे. पुढं राज्य बदललं, कारभार मराठीत आला, आणि ज्या पाट्या त्यांनी उर्दूत लिहिल्या होत्या त्याच पुसून पुन्हा मराठीत लिहायचं काम त्यांच्याकडं आलं. अक्षर मोत्यासारखं, पण ऱ्हस्व-दीर्घाचं आणि त्यांचं कधी जमलं नाही. मी मास्तरांची मुलगी. मग ते अंगणातूनच हाक द्यायचे, "तंगी, 'दुकान'मधला उकार पहिला का दुसरा?" मी पदर सावरून उंबऱ्याआडून सांगायची, "पहिला, अण्णा." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. आमच्या घरात निम्मं बोलणं कानडीच असे. धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ते तम्मा म्हणत. नवऱ्याचं नाव घ्यायची माझी सवय नाही, म्हणून मीही इथं तम्माच म्हणते.

डोंगरप्पा आणि वारप्पा जन्मले ते रद्दीतून. आमचं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला सोलापूरहून रद्दी यायची. एकदा त्यात रंगीत चित्रांच्या इंग्रजी पुस्तकाची काही पानं निघाली. पाठीवर चादर बांधलेला एक धिप्पाड माणूस त्यात इमारतींवरून उडत होता, मोटारी उचलत होता, चोरांना बुक्क्या मारत होता. इंग्रजी आमच्यात कुणालाच येत नव्हतं. अण्णांनी ती पानं ओट्यावर पसरली आणि दुपारभर न्याहाळली. शेवटी म्हणाले, "ह्याचं आईबाप कुठं दिसंना. घरी कुणी आजारी न्हाय, म्हणून ह्याला उडायला सवड हाय."

पुढच्या बाजारापासून त्यांनी दुकानाच्या बाजाराकडच्या भिंतीवर चित्रांची गोष्ट काढायला सुरुवात केली. भिंतीला चुन्याचा हात द्यायचा, तिचे चौकोन पाडायचे, आणि गेरू, नीळ, काजळी, हळद असे घरचे रंग घेऊन दोघा भावांचा एकेक पराक्रम रंगवायचा. शब्द माझे असत. त्यांच्या वीरांना बाप होता. तो खाटेवर पडून असे आणि कुठल्याही लढाईच्या मध्येच डोंगरप्पाला आठवण यायची, की बापाला पाणी पाजायचं राहिलंय. मग लढाई थांबवून तो घरी जाई, राक्षस बिचारा वाट बघत बसे. माणसं चढाओढीनं बघायला यायची. आठवडा सरला की त्यावर पुन्हा चुना. अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि त्या चित्रांतलं एकही कुठं राहिलेलं नाही. "चित्र ठेवायचं नसतंय, पुढचं काढायचं असतंय," असं ते म्हणत.

बाप खाटेवर होता, कारण आमचे आप्पा खाटेवर होते. सासरे पहाडासारखे. एका सकाळी दुकान उघडता उघडता कोसळले. अर्धांगवायू. उजवं अंग गेलं, वाचा गेली, जाण मात्र शाबूत राहिली. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या, अण्णांची बायको पहिल्या बाळंतपणात गेली होती आणि त्यांनी पुन्हा लग्नाचं नाव काढलं नव्हतं. तेव्हा आप्पांना उठवणं, बसवणं, आंघोळ, कूस बदलणं, सगळं दोघा भावांवर आलं. माझ्याच्यानं तो देह हलत नसे. मी भरवायची, कपडे धुवायची. दर थोड्या वेळानं अण्णा मुंडक्याकडून आणि तम्मा पायाकडून धरत. "हं" म्हटलं की उचलायचं. ऋतू बदलले, हे बदललं नाही.

तम्मांना मोटारीचं भारी वेड. त्यांनी ड्रायव्हिंग शिकून घेतलं होतं आणि बसवर ड्रायव्हर म्हणून बोलावणंही आलं होतं. नेमकं त्याच महिन्यात आप्पा पडले. तम्मा गेले नाहीत. कुणी त्यांना जाऊ नका म्हटलं नव्हतं, पण जा असंही कुणी म्हटलं नाही. ते दुकान सांभाळत, आप्पांना उचलत, आणि हळूहळू घरात त्यांचं बोलणं कमी होत गेलं. रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला की तागडी हातात तशीच धरून थांबायचे.

मग तो बाजार आला. भिंतीपुढं ही गर्दी. अण्णा शिडीवर उभे राहून वारप्पाच्या डोक्यावरचा पटका रंगवत होते. आत आप्पांचं अंथरूण खराब झालं होतं आणि गिऱ्हाइकं टाकून तम्मा एकटेच त्यांना कुशीवर वळवायला झटत होते. जमेना. आप्पा डोळ्यांतून पाणी काढायला लागले. तम्मा तसेच बाहेर आले, चुन्याची बादली उचलली आणि भरल्या बाजारात भिंतीवर भिरकावली. डोंगरप्पा, वारप्पा, सगळे पांढरे झाले.

"लोकास्नी वीर दाखवतोस व्हय? घरात ये की! घरात ये आन उचल!"

जन्मात कधी त्यांनी थोरल्या भावाला अरेतुरे केलं नव्हतं. अण्णांच्या तोंडावर, सदऱ्यावर चुना उडाला होता. ते शिडीवरून उतरले, हात धुतले आणि आत जाऊन आप्पांच्या मुंडक्याशी उभे राहिले. तम्मा पायाशी आले. "हं," अण्णा म्हणाले. दोघांनी उचललं. त्या दिवसानंतर त्या "हं"शिवाय दोघांत शब्द उरला नाही. जेवताना काही हवं असलं तर दोघंही माझ्याकडं बघत.

मला वाटलं, भिंत आता पांढरीच राहणार. पण पुढच्या बाजारी अण्णा पहाटेपासूनच कामाला लागले. या वेळी डोंगरप्पा एकटाच होता, बापाला पाठीवर घेऊन माळ चढणारा. वारप्पा कुठंच नव्हता. गिऱ्हाइकांनी विचारलं, "वारप्पा कुठं गेला?" अण्णांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "रुसलाय. येईल. गोष्ट अर्ध्यात सोडायची न्हाय आपल्याला." आत तम्मा गूळ तोलत होते. त्यांनी ते ऐकलं, हे मी पाहिलं.

असाच पावसाळा लागला. एका सकाळी आप्पा तळमळायला लागले. पोट फुगलेलं, घाम सुटलेला. डॉक्टर आले आणि म्हणाले, "लघवी तुंबलीय. इथं होण्यासारखं नाही, आजच सोलापूर गाठा." रात्रभर पाऊस झाला होता, हमरस्त्यापासून गावात येणारी बस चिखलामुळं बंद होती. शेजाऱ्याच्या बैलगाडीत आप्पांना घातलं आणि निघालो. निम्म्या वाटेवर काळ्या रानात गाडी आसापर्यंत रुतली. बैल गुडघ्यावर आले. गाडीवान म्हणाला, "आता हिला चार बैल पायजेत." तो मदत आणायला गावाकडं पळाला.

अण्णा वाट बघत बसले नाहीत. धोतरानं त्यांनी आप्पांना पाठीशी बांधलं आणि चालू लागले. मी घोंगडी आप्पांच्या डोक्यावर धरून बाजूनं, तम्मा मागून पाय सावरत. पाय टाकला की चिखल तो सोडत नसे. काही अंतरानं तम्मा म्हणाले, "द्या इकडं." कित्येक आठवड्यांतले ते पहिले शब्द. अण्णांनी मान हलवली आणि आणखी चालले. मग एका बांधाशी येऊन थांबले. आप्पांना सांभाळतच ते खाली बसले. मला वाटलं, पाय मुरगळला.

"तम्मा," ते म्हणाले, "माझ्यानं होईना. मी दमलो रे."

आम्ही कुणीच हे त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आप्पा पडल्यापासून घर ओढणारा माणूस, त्याच्या मनात दमणं फक्त भिंतीवरच्या चित्रांसाठी असावं असंच आम्हाला वाटत आलं होतं.

"कवापासनं?" तम्मांनी विचारलं.

"लई दिस झाले."

"मग बोलला का न्हाईत?"

"तू बोलला असतास तर मीबी बोललो असतो."

तम्मांच्या तोंडून हुंदका निघाला की हसू, मला सांगता येणार नाही. ते वाकले, गाठ सोडून आप्पांना आपल्या पाठीवर घेतलं. अण्णांनी मागून पाय धरले. पुढं दोघं सारखे बोलत होते. "डावीकडं दगूड हाय." "दिसतोय." "जरा थांब." "थांबतो." असलंच साधं बोलणं, पण मला ते ऐकत चालावंसं वाटत होतं. हमरस्त्याला लागल्यावर एका ट्रकवाल्यानं आम्हाला घेतलं आणि आप्पा वेळेत दवाखान्यात पोचले. ते वाचले.

दवाखान्याच्या ओसरीत पाठ टेकून बसलेल्या अण्णांनी तिथंच सगळं ठरवलं. "तंगी, ह्याला मोटारीवर धाड. पुन्ना अर्ज लिही. मराठी तुझं चांगलं हाय."

"आणि आप्पा?" तम्मांनी विचारलं.

"आप्पा माझ्याकडं. एक हमाल ठिवू उचलायला, दुकानाचा गाळा अर्धा भाड्यानं देऊ. पर सुट्टीचा दिस तुझा. त्या दिशी मी आप्पास्नी हात लावणार न्हाय, आग लागली तरी." तम्मा काही बोलायला गेले तर अण्णा म्हणाले, "मला मोठेपणा देऊ नगंस. दोघं मिळून रुसलो तर आप्पांचं कोण करंल?"

परत आल्यावरच्या बाजाराला चुना तम्मांनी कालवला आणि भिंतीला हातही त्यांनीच दिला. वारप्पा परत आला. तो कुठं गेला होता, हे अण्णांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

अर्ज मंजूर व्हायला वेळ लागला, पण झाला. तम्मा उमरग्याहून गाडी चालवू लागले आणि पुढं मुरूमची फेरी त्यांच्याकडं आली. पहिल्या दिवशी बस गावात शिरली तेव्हा अण्णा आणि हमालानं आप्पांना खुर्चीत घालून थांब्यावर आणून ठेवलं होतं. डोक्याला पटका, कपाळाला विभूती. तम्मा खाकी कपड्यांत उतरून पाया पडले आणि मग हमालाच्या मदतीनं त्यांनी बापाला कवेत घेऊन पुढच्या बाकावर, आपल्या शेजारी बसवलं. मी मागं बसले. आप्पांनी डावा हात उचलून समोरच्या काचेवर ठेवला आणि तो काढेनात. कंडक्टरनं घंटी वाजवली.

"अण्णा, चढा की!" तम्मांनी खिडकीतून हाक दिली. "उमरग्याला जाऊन परत येऊ. तुमी न्हाय तर कसं व्हईल?"

अण्णा खाली रस्त्यावर उभे होते. आप्पांकडं एकदा नीट बघून घेतलं, आणि खांद्यावरचा टॉवेल झटकून म्हणाले, "तुमी जावा. मी घरला जाऊन निजतो."

बस निघाली. मी मागं वळून पाहिलं. भर दुपारी, बाजाराच्या गर्दीतून ते घराकडं चालले होते, दोन्ही हात मोकळे सोडून, कुठंही न थांबता. आम्ही संध्याकाळी परतलो तेव्हा ते ओसरीवर उघड्याच जमिनीवर झोपले होते. तम्मांनी हमालाच्या मदतीनं आप्पांना आत नेलं, दार हलकेच लोटलं आणि मला खुणेनं सांगितलं, उठवू नकोस.