दोनशे अकरा चोरखिसे

मास्तरांनी गावाकडे तेहतीस वर्षं शिलाई केली, पण चोरखिशाशिवाय एक कपडा दुकानाची पायरी उतरू दिला नाही. गिऱ्हाईक मागो न मागो, आतल्या अंगाला तीन बोटं जातील एवढा खिसा असायचाच. पाळण्यातल्या बाळाच्या झबल्यालासुद्धा! बाळाची आई हसून विचारायची, "मास्तर, यात काय ठेवणार हो तो?" मास्तर तोंडातली टाचणी काढून म्हणायचे, "त्याचं तो बघेल. आपण जागा करून ठेवायची."

अशा माणसाला सत्तावन्नाव्या वर्षी परदेशात नोकरी लागली, बरं का! भाची तिथल्या मोठ्या इस्पितळात परिचारिका. शिवणखोलीत माणूस हवा होता, तर तिनं मामाचं नाव पुढं केलं आणि हमीही स्वतःच्या डोक्यावर घेतली. तीन महिने काम बघणार. पसंत पडलं तर कायम, नाहीतर परतीचं विमान.

शिवणखोली तळघरात, धुलाईखान्याला लागून. पहिल्या दिवशी मास्तर दारातच खिळले. इस्त्रीचा रूळ केवढा, तर दोन बैलगाड्या शेजारी उभ्या राहतील एवढा. एका बाजूनं ओली चादर गिळायचा, दुसऱ्या बाजूनं घडी बाहेर! गरम कापडाचा वास नाकात भरून घेत ते तोंड उघडं टाकून बघत राहिले. मागून आलेल्या गाडीवाल्यानं दोन्ही खांद्यांना धरून त्यांना उचलल्यासारखं बाजूला ठेवलं, तेव्हा कुठं भानावर आले.

"अख्ख्या गावाचं धुणं तासाभरात उरकतं गं!" त्यांनी फोनवर बायकोला सांगितलं.

"आणि तुम्ही काय करता? बघत उभे राहता?"

"मी झगे शिवतो."

आता हे झगे म्हणजे रोग्यांचे. मागं नाड्या, पुढं साधं कापड, अन् खिसा म्हणाल तर नावाला नाही. रोज पंचवीसेक फाटके झगे यायचे. मास्तर उसवलेली शिवण घालायचे, नाडी जोडायचे, आणि झगा बाजूला ठेवताना त्यांना जेवण अर्धं सोडून उठल्यासारखं वाटायचं. पाच दिवस हात आवरला. सहाव्या दिवशी बाद चादरीतून वीतभर तुकडा कापला आणि आतल्या अंगाला बसवला. मग रोज जमतील तसे चार-पाच झग्यांना. कुणाला विचारलं नाही. चोरखिसा कधी विचारून लावतात का!

दहा आठवडे असे गेले. मग एका सकाळी धुलाईखान्याची मुकादमबाई एक ट्रे घेऊन आली आणि तो टेबलावर आदळला. तिच्या मागं भाची, चेहरा उतरलेला.

"मामा, काय करून ठेवलंत हे?"

ट्रेमध्ये काय नव्हतं! कवळी. अर्धा कंगवा. लगदा झालेला एक फोटो. लहान मुलाचा मोजा. आणि एक कानात घालायचं यंत्र, उकळत्या पाण्यातून निघालेलं, कायमचं मुकं झालेलं.

"हे सगळं तुमच्या खिशांमधून निघालं. बाहेरून दिसत नाही, म्हणून तसंच धुवायला जातं. त्या यंत्राच्या आजोबांना कालपासून काही ऐकू येत नाहीये. मुकादमबाई म्हणतात, यांना घरी पाठवा. आणि मी तुमची हमी घेतलीय हो, मामा."

मास्तरांची नजर ट्रेवरून हलेना. तेहतीस वर्षांत हजारो खिसे शिवले, त्यात लोक काय ठेवतात ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं! हळूच म्हणाले, "दोनशे अकरा आहेत. सगळे उसवून देतो. मग जातो. आधी त्या आजोबांची माफी मागू दे."

मोठ्या परिचारिकाबाईंनी परवानगी दिली आणि स्वतः बरोबर आल्या; भाची अन् मुकादमबाईही मागं. दहा आठवड्यांत मास्तर पहिल्यांदा वर चढले. लांबच लांब खोली, खिडक्यांतून ऊन, आणि खाटेखाटेवर त्यांनी शिवलेले झगे. नुसती कापडं नव्हेत, माणसं भरलेली! एक बाई झोपेतही हात खिशात घालून होती. एका तरण्या गड्यानं भाचीला हाक मारून विचारलं, "काल खिशाचा झगा होता, आज साधा का दिलात?"

आजोबांपुढं मास्तरांनी हात जोडले. त्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून भाचीनं कागदावर लिहून दाखवलं, खिसे यांनी लावले. आजोबांनी वाचलं. मग स्वतःच्या खिशात दोन बोटं घालून घराची किल्ली काढली, मास्तरांना दाखवली आणि परत आत ठेवून वर थोपटली. एवढ्या मोठ्या इस्पितळात या माणसाचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं, आणि ते मास्तरांच्या तीन बोटांच्या खिशात मावलं होतं.

परतताना जिन्यात मोठ्या बाई आणि मुकादमबाई यांची चांगलीच जुंपली. मास्तरांना शब्द कळेना. ते कठड्याला धरून उभे.

शेवटी भाची वळली. "मामा, आजोबांना नवं यंत्र इस्पितळ देणार. चोरखिसे सगळे उसवायचे."

"बरं."

"आणि तेच खिसे बाहेरून लावायचे. छातीवर, लाल कापडाचे. धुणाऱ्यांना लांबून दिसले पाहिजेत, नाहीतर मुकादमबाई तुम्हालाच रुळात घालतील म्हणतात."

"दोनशे अकरा?"

"इस्पितळात अकराशे झगे आहेत. मोठ्या बाई विचारतायत, उरलेल्या पंधरा दिवसांत होतील का?"

मास्तरांनी बोटांवर हिशोब केला. "छे! वर्ष तरी लागेल."

भाचीनं ते सांगितलं. मोठ्या बाई हसल्या, आणि मुकादमबाई लाल कापड शोधायला पुढं निघून गेली.