आजोबांपुढचं प्रश्नचिन्ह

नवा माणूस भेटला की शकूताई त्याचं नाव नंतर विचारत. आधी विचारत, "आईचं माहेर कुठलं?" कुरिअरवाला असो की दवाखान्यातला नवा डॉक्टर, सुटका कुणाचीच नसे. तो बावचळून गाव सांगायचा, आणि ह्या खूश होऊन म्हणायच्या, "बापाचं गाव काय, आडनावातच कळतं रे. अर्धा माणूस आईच्या गावाला असतो." गिरगावातल्या आमच्या चाळीत आमची भिंतीला भिंत. विमा कचेरीतून निवृत्त झालेल्या, एकट्या, आणि हट्ट म्हणाल तर अख्ख्या मजल्याला पुरून उरेल एवढा.

त्यांच्या घराण्याचा एक जाडजूड छापील कुलवृत्तांत होता. त्यांचे वडील तो हातात घ्यायचे, एकच पान उघडायचे आणि चेहरा पाडून मिटायचे. त्या पानावर शकूताईंच्या आजोबांचं, विश्वनाथांचं नाव होतं आणि नावापुढे प्रश्नचिन्ह. आजोबा एकुलते, त्यांचे आईवडील साथीत गेले. कुणा ओळखीच्यांनी त्या चिमुरड्याला मुंबईत आणलं, सोबत आईची एक पितळी कळशी. पुढे ते परळच्या गिरणीत कारकून झाले, पण आपला जन्म कुठला हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. देवगडकडच्या मूळ गावातले भाऊबंद ठासून सांगत, "असा मुलगा आमच्या घरात जन्मलाच नाही." मग हा घराण्यातलाच कशावरून?

वडील गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी शकूताई मला म्हणाल्या, "वसू, ते चिन्ह उरावर घेऊन गेले गं बाबा. आता ते मी खोडणार."

आणि लागल्या मागे. दर सुट्टीत मूळ गावी जायचं, जमिनीचे उतारे बघायचे, देवळातली जुनी दप्तरं सोडवायची, तालुक्याला खेटे घालायचे. परत आल्या की पिशवीतून फणस निघे, पुरावा निघत नसे. कुलवृत्तांत समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब दादरला राहत. ते मऊ आवाजात म्हणत, "शकूताई, भावना समजते. पण पुराव्याशिवाय कसं छापणार?" ह्या घरी येऊन आदळआपट करत. "शंका छापताना नव्हता लागला तो पुरावा!" मला हसू येई आणि वाईटही वाटे. त्यांचे पाय आताशा जिन्यावर थकायला लागले होते, आणि नवी आवृत्ती छपाईला निघाली होती.

त्याच सुमारास माझी मुक्ता नाशिकहून बाळंतपणाला आली. शकूताई लिंबाचं लोणचं घेऊन हजर. "पहिलं ना? मग माहेरीच व्हायचं. पण बघ हं, बाळ नाशिककरांचं आणि जन्मगाव मात्र गिरगाव!"

बरणी त्यांच्या हातातच राहिली. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, विश्वनाथ पहिला मुलगा! भाऊबंद खरंच बोलत होते की. तो त्यांच्या घरात जन्मेलच कसा? जगाला आईचं माहेर विचारत हिंडले, आणि स्वतःच्या आजोबांना तेवढं विचारायचं राहिलं!"

कुलवृत्तांतात बायकांची फक्त सासरची नावं. पण लग्नात माहेरची भांडी येतात, आणि भांड्यांवर नाव घातलेलं असतं. शकूताईंनी माळ्यावरची कळशी काढली, चिंच-मीठ घेतलं आणि दारातच बसून घासायला लागल्या. गळ्याखाली टोचलेली अक्षरं हळूहळू उजळली, 'चि. सौ. गोदावरीस माहेरकडून, मु. कशेळी.' त्या रडत होत्या की हसत होत्या, मला कळेना. मीही त्यांच्यासोबत तेच करत होते.

कशेळीला मी त्यांच्याबरोबर गेले. तिथे गोदावरीच्या भावाचा पणतू निघाला. गोदावरीचं नाव ऐकताच तो देवघरातून कागदाची एक पिवळी गुंडाळी घेऊन आला. ती होती विश्वनाथाची जन्मपत्रिका, आईबापांच्या नावांसकट, जन्मस्थळ कशेळी. "आमची आजी सांगायची, हे आत्याच्या मुलाचं आहे, कुणीतरी न्यायला येईल," तो म्हणाला. शकूताईंनी त्या घराच्या उंबरठ्यावर डोकं टेकलं.

दादरच्या हॉलमधलं ते कुलसंमेलन मी जन्मभर विसरणार नाही. भाऊसाहेबांनी पत्रिका दोनदा वाचली, उठून उभे राहिले आणि माइकवरून म्हणाले, "प्रश्नचिन्ह काढलं. चूक आमची होती." टाळ्या थांबेनात. शकूताई व्यासपीठावर ताठ उभ्या होत्या. टाळ्या ओसरल्यावर त्यांनी माइक ओढून घेतला. "भाऊसाहेब, तुमच्या आजीचं माहेर कुठलं हो?" भाऊसाहेब कुलवृत्तांताची पानं चाळू लागले, त्यात ते नव्हतंच. समोरची चारशे माणसं एकमेकांना विचारायला लागली. नव्या आवृत्तीत आता प्रत्येक नावाखाली आईचं माहेर छापलं आहे.

मागच्या वर्षी शकूताई गेल्या. उशाशी तो नवा ग्रंथ होता, त्याच पानावर उघडा. मुक्ताच्या लेकीला त्यांनी बारशाला स्टीलचा एक तांब्या दिला होता, नाव घालून. पोरगी अजून त्यातूनच पाणी मागते. परवा तिनं अक्षरांवर बोट फिरवत एकेक शब्द वाचून काढला, 'चि. शर्वरी. आईचं माहेर गिरगाव. जन्म इथलाच.' मग मान वर करून तिनं मला विचारलं, "आजी, तुझ्या आईचं कुठलं?"