हिराबाईंचे हात, माझा पाय

पुण्याहून पारनेरच्या एसटीत बसलो तेव्हा माझ्याजवळ एक सॅक, एक काठी आणि व्यायामांचा एक छापील कागद होता. कागदावरचा माणूस घोटा वर-खाली करताना हसत होता. त्याचा मोडलेला नसावा.

माझा मोडला होता, आणि तोही पळताना नव्हे. एकवीस किलोमीटरची शर्यत मी धडधाकट पुरी केली, पदक गळ्यात घातलं आणि फोटोसाठी दुभाजकावरून उडी मारली. फोटो छान आला. प्लास्टर निघालं तेव्हा घोटा गंजलेल्या बिजागरीसारखा झाला होता. फिजिओथेरपीवाल्या बाई म्हणाल्या, रोज तीनदा, दर वेळी शंभरदा हलवा. महिन्याभरात मोकळा झाला नाही तर पळणं विसरा, लंगडणं मात्र कायम राहील. पहिल्या दिवशी मी तीनशे वेळा हलवला, दुसऱ्या दिवशी चाळीस वेळा. तिसऱ्या दिवसापासून खिडकीत बसून रस्त्याने पळणाऱ्यांचा द्वेष करू लागलो, आणि त्यात मात्र एक दिवस खंड पडला नाही. शेवटी बायकोने हवापालटाची टूम काढली. हवापालट नक्की कोणाला हवी होती, ते मी विचारलं नाही.

पारनेरच्या स्टँडवर कॉलेजातला मित्र दत्ता घ्यायला आला होता. उघडं माळरान, मध्येच ज्वारीचे तुकडे, लांब डोंगरावर पवनचक्क्या. पुढचे दोन दिवस त्या फिरत राहिल्या आणि मी पडून राहिलो. पाय मोडलेल्या पाहुण्याला दत्ताच्या घरी मिळतो तसा मान शत्रूलाही मिळू नये. पायाखाली तीन उशा. पाणी हातात, ताट मांडीवर. शेंगोळी (कुळथाच्या पिठाच्या वळकट्या, झणझणीत रश्शात शिजवलेल्या) इतकी चविष्ट की चौथ्या वाढपाला मी नको म्हणालो ते फक्त तोंडाने. उठायला गेलो की दत्ताची आई दटावायची, "आमच्यात पाव्हनं हलत न्हाईत."

सारी गल्ली बघायला आली. प्रत्येकाकडे एका पायाची गोष्ट होती आणि एकाही गोष्टीतला पाय सुधारला नव्हता. दोन दिवसांत वजन वाढलं, घोटा तसूभर हलला नाही. निघताना व्यायामांचा कागद उशांखालीच राहिला. विसरलो, असं मी स्वतःला सांगितलं.

नगरला गाडी बदलली. कोल्हारच्या गाडीत शेजारच्या आजोबांनी पायाची चौकशी केली. पळायच्या नादात मोडला, म्हणालो.

"कोन मागं लागलं हुतं?" त्यांनी विचारलं.

कोणीच नाही, म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं आणि खिडकीची जागा दिली. पुढे रस्त्याने जो काही व्यायाम घडवला, तो कागदावरच्या माणसाला झेपला नसता.

कोल्हारला ताई राहते, माझी थोरली बहीण. प्रवरेचा पूल ओलांडला की आजूबाजूला ऊसच ऊस. ताईच्या ओट्याला लागूनच हिराबाईंचा ओटा, आणि त्यावर त्यांचं पायाने चालवायचं शिलाई मशीन. हिराबाई साठीच्या, गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज त्याच शिवतात. त्या आठवड्यात त्यांचा गुडघा सुजून टम्म झाला होता, रविवारी लग्न होतं आणि नवरीकडचे चौदा ब्लाउज कापून तयार पडले होते. मशीनला मोटर का बसवत नाही, असं मी शहाणपणाने विचारलं. लाईट असली तर मोटर, असं उत्तर आलं. मग त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या पायाकडे, जरा वेळ पाहिलं.

"पाय रिकामाच हाय ना तुमचा? मग ठेवा हितं."

हिराबाई मशीनसमोर, मी बाजूच्या स्टुलावर, माझा उजवा पाय पायडलवर (मशीन चालवायची लोखंडी जाळी). हात त्यांचे, पाय माझा. एकवीस किलोमीटर पळालेल्या पायाने पहिल्याच दाबाला चाक उलटं फिरवलं आणि दोरा तोडला. मग पुन्हा तोडला. हिराबाई दर वेळी नव्याने दोरा ओवत राहिल्या, ते शिव्यांपेक्षा वाईट होतं. दुपारपर्यंत एक बाही झाली, साप गेल्यासारखी वाकडी. घोटा ठणकत होता. मी पाय काढून घेतला आणि जे बायकोलाही बोललो नव्हतो ते बोलून गेलो. "मावशी, मला आता कधी पळता येईल असं वाटत नाही. भीती वाटते."

त्यांनी चष्मा वर केला. "पळायचं मागनं बघू. आधी दुसरी बाही करा. नवरीला दोन हात हायेत."

मी पाय परत ठेवला.

शनिवारी संध्याकाळी चौदावा ब्लाउज झाला. चार दिवसांसाठी आलो होतो, अठरा दिवस राहिलो, कारण पुण्याचा माणूस पाय मारतो हे कळल्यावर हिराबाईंकडे काम वाढलं. बायका ब्लाउज टाकायला येत आणि मला बघून जात. कोणी उशी आणली नाही. किती वेळा पाय हलला ते मी मोजलं नाही. दिवसभर हलतच होता. एका सकाळी ताईच्या ओट्याच्या पायऱ्या उतरून खाली आलो आणि काठी वरच राहिली होती. ती आणायला वर गेलो, तेव्हा काठीशिवायच उतरलो-चढलो हे ध्यानात आलं. मी पायरीवर बसलो आणि चांगलं रडलो. ताईने डोळ्यात काही गेलं का विचारलं, मी हो म्हणालो.

निघताना हिराबाईंनी ब्लाउजांच्या चिंध्या जोडून शिवलेली एक पिशवी हातात ठेवली. आतली शिवण वाकडी होती. तो तुकडा म्हणजे पहिल्या दिवसाची बाही होती, नवरीसाठी नंतर दुसरी कापून शिवली होती.

पुण्यात फिजिओथेरपीवाल्या बाईंनी घोट्याचा कोन मोजला, पुन्हा मोजला आणि कागद मनापासून पाळलेला दिसतो म्हणाल्या. मी मान डोलावली. पळायला अजून तीन महिने आहेत. खिडकीखालून लोक पळत जातात. त्यांचा द्वेष करायला आता पूर्वीइतका वेळ मिळत नाही. संध्याकाळी भाजी आणायला मी जातो, हिराबाईंची पिशवी घेऊन, चालत. वाकडी शिवण अजून उसवलेली नाही.