डोंगराचा टेकू

भूमिपूजन हे काम सुरू होण्याआधी करतात असा माझा समज होता. आमच्या गावात ते काम अर्धं झाल्यावर केलं, कारण ज्यांच्या हातून नारळ फोडायचा होता त्यांना त्याआधी सवड नव्हती.

वडप्याच्या अलीकडे आमच्या गावामागे एक डोंगर आहे, म्हणजे होता. त्याची खडी करून गोदामांखाली घातली. दगड संपल्यावर खदान बंद पडली आणि मागे उरला उभा कापलेला काळा कडा. त्याच्या माथ्यावरची माती दर पावसात सुटायची. खाली, खदानीच्या तोंडाशी एकच घर आहे, माझ्या आत्याचं. कडा सावरण्याचं काम ज्या ठेकेदाराला मिळालं, त्याच्याकडे साइटचं नियोजन मी बघते. सरकारी साहेबांनी आत्याला सरळ सांगितलं होतं, कडा स्थिर झाला तर घर राहील, नाहीतर पाडावं लागेल.

अशा कामाला क्रम असतो. आधी माथ्यावर चर खणून पावसाचं पाणी बाजूला काढायचं. मग सुटे दगड उतरवायचे, वरून खाली पायऱ्यांसारखे टप्पे कापायचे, त्यावर वाळ्याचं गवत लावायचं. वाळ्याची मुळं खोल जातात आणि शेळ्या त्याला फारशा तोंड लावत नाहीत. पायथ्याला खदानीच्या काळापासून टाकाऊ दगडमातीचा मोठा ढीग पडलेला होता. दिसायला घाण, पण खालचा उतार त्याच्यावरच टेकून उभा होता. साइटवरच्या फळ्यावर मी पहिलीच ओळ लिहिली होती: पायथ्याला हात लावायचा नाही.

फळा वाचायची सवय माझ्या चुलतभावाला नाही. त्याची जमीन गोदामाला भाड्याने गेल्यापासून तो फक्त फोनवर बोलतो आणि गळ्यातली साखळी सारखी करतो. भूमिपूजनाचं यजमानपद त्याने मागून घेतलं होतं. रविवारी साइट बंद असते. सोमवारी सकाळी मी पोचले तेव्हा ढिगाच्या जागी सपाट मैदान होतं, त्यावर मांडवाचे खांब, आणि मधोमध ग्रॅनाइटची कोनशिला, पडद्यासकट.

"हे कोणी केलं?"

"मीच. रातोरात जेसीबी लावला," तो कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला. "ताई, ढिगावर खुर्च्या लंगडत होत्या. साहेब काय लंगड्या खुर्चीवर बसनार?"

"तो ढीग डोंगराला टेकू होता."

"डोंगराला टेकू?" तो मागच्या चार टाळकरी मित्रांकडे वळला. "डोंगर काय म्हातारा हाय, काठी लागायला?"

मित्र हसले. त्यांना हसायलाच आणलेलं असतं.

मी ठेकेदाराला फोन केला, त्याने वर फोन केला, वरून उत्तर आलं की कार्यक्रम होऊन जाऊ द्या. तो झाला. प्रमुख पाहुण्यांनी माईकवर सांगितलं की आता या डोंगराच्या पायाशी ते स्वतः उभे आहेत, गावाने निर्धास्त राहावं. त्यांची गाडी तोंड रस्त्याकडे करून, इंजिन चालू ठेवून उभी होती. ते उभे राहिले भाषणापुरते. मी जेसीबीवाल्याला ढीग परत लोटायला सांगितलं, तर मांडववाला आडवा आला. सामान उचलायला टेम्पो उद्या येणार होता.

टेम्पोच्या आधी वळवाचा पाऊस आला. वरचे टप्पे जागचे हलले नाहीत, चराने पाणी नीट काढून नेलं. पण खालचा उतार, ज्याचा आधार काढला होता, तो खचला. मांडव गेला, कोनशिला गेली, आणि दगडमातीची जीभ आत्याच्या मोरीपर्यंत येऊन थांबली. आत्या पुढच्या पडवीत सुकट निवडत बसली होती, म्हणून वाचली.

सरकारी साहेबांनी घर रिकामं करायला लावलं. तात्पुरता ढीग टाकला. पक्की भिंत दिवाळीनंतर बांधायची आणि मग येणाऱ्या पावसाळ्यात कडा हलला नाही तर आत्याने परत यायचं, असं ठरलं. ती काल्हेरला माझ्या फ्लॅटवर आली आणि लिफ्टला शिव्या देत राहिली. चुलतभाऊ सफरचंदं घेऊन भेटायला आला.

"आत्या, आता तो घर गेलाच समज. जागा मोकळी कर, ट्रेलर उभे राहतील. बसून खाशील."

"गेला तो तुझा मांडव," आत्या म्हणाली. "माझा घर उभा हाय. नि ही सफरचंदा घेऊन जा, दात न्हाय मला."

दिवाळीनंतर आम्ही पायथ्याला जाळीत दगड भरून भिंत रचायला घेतली. माती उपसताना कोनशिला अखंड सापडली. तिच्यावरच्या यादीत प्रमुख पाहुण्यांचं नाव सगळ्यात वर, ठळक, आणि चुलतभावाचं शेवटी, बारीक अक्षरात होतं. ती दर्शनी बसवायची म्हणून त्याचे रोज फोन यायला लागले. मी ती उचलून पाहिली. असल्या भिंतीला वजनच लागतं आणि ते तिला चांगलं होतं. सगळ्यात खालच्या थरात, नावं डोंगराकडे करून, मी ती दगडांच्या मधे बसवली. त्याला सांगितलं, पायथ्यालाच आहे. त्याने येऊन बघितलं नाही. फोटो काढायला पाहुणे येणार नव्हते, मग तो कशाला येईल?

पावसाळा गेला. कडा हलला नाही, वाळा कमरेएवढा झाला. सरकारी साहेबांनी होकार दिला त्याच दिवशी आत्याने पिशव्या भरल्या. घरी पोचल्यावर ती आधी मागे गेली, भिंतीला हात लावून पाहिला.

"तो पाटीवाला दगड कुठं घातलास?"

मी तळाकडे बोट दाखवलं.

"नावा आतल्या बाजूला?"

"हो."

"बरा केलास. बोलला होता ना तो पाहुणा, पायाशी उभा हाय म्हणून," ती म्हणाली, आणि मोरीवरची माती धुवायला बादली शोधू लागली.