छापखान्यातलं धुवण

आमच्या भागात तांदूळ धुतल्याचं पाणी कुणी फेकून देत नाही. त्याला धुवण म्हणतात आणि ते ढोरांच्या हक्काचं असतं. स्वतःच्या घरी ढोर नसेल, तर शेजारच्या गाईसाठी बादलीत भरून मागच्या दाराशी ठेवायचं. शेजारीण येते, कोंड्यावर ओतायला घेऊन जाते. याला कुणी उपकार म्हणत नाही.

मी चांद्याच्या ज्या छापखान्यात जुळारी होतो, म्हणजे शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा करायचो, तिथेही हाच रिवाज होता. छापखाना एका विधवा बाईंचा. पती गेल्यावर लोकांनी मशीन विकून टाका म्हणून डोकं खाल्लं होतं. बाईंनी शाईचा डबा उघडला आणि स्वतः कामाला बसल्या. पुढे छापखाना, मागे त्यांची राहती खोली, आणि मागच्या दारापलीकडे एका दूधवालीचं घर. तिची एकच गाय होती आणि तिच्यावरच घरची चूल पेटायची. आमच्या चहाचं दूधही तिचंच. बाईंच्या स्वयंपाकाचं धुवण ती कित्येक वर्षं नेत होती.

आता आमची करामत ऐका. छपाई झाली की खिळ्यांवरची शाई आम्ही रॉकेलने पुसायचो, मग सोड्याच्या पाण्यात ब्रशने घासायचो. उरलेल्या त्या राखाडी पाण्यालाही आम्ही दीडशहाणे धुवणच म्हणायचो. ते मोरीत ओतायचं आणि विसरायचं. मोरी कुठे जाते, हे विचारायला आम्हाला सवड नव्हती.

उन्हाळ्याच्या तोंडाशी जंगलखात्याच्या लिलावाच्या जाहिराती आल्या. बांबू, तेंदूपत्ता, सगळं एकदम. त्या गडबडीत मोरी तुंबली. मशीनवाल्याने त्या राखाडी पाण्याची बादली उचलून मागच्या दाराशी ठेवली आणि आत ओरडला, "धुवण ठेवलं जी!" त्याला म्हणायचं होतं, कुणीतरी लांब नेऊन ओता. ऐकलं मात्र दूधवालीने. तिने बादली नेली. वास आला नाही का, असं पुढे कितीतरी जणांनी विचारलं. अहो, ती अख्खी गल्लीच रॉकेलने घमघमायची, त्यात एका बादलीचा वेगळा वास तिला काय येणार? आणि हातसडीच्या तांदळाचं धुवणही राखाडीच असतं.

दुपारी ती धावत आली. गाय खाली बसली होती, तोंडाला फेस आला होता.

"बाई वो, माह्या गाईले काय होऊन राह्यलं? तुमचं धुवण पेली अन् बसली!"

बाईंच्या घरचं धुवण तर अजून आतच होतं. बाईंनी दाराशी पाहिलं, बादली नव्हती. त्यांनी मशीन थांबवायला सांगितलं आणि मशीनवाल्याला ढोरांच्या डॉक्टरकडे पिटाळलं.

जाहिराती न्यायला आलेला कारकून तडकला. मीही काही कमी नव्हतो. म्हटलं, "बाई, तिनं विचाराले नको होतं काय?"

"आपल्या घरचं धुवण ती रोजच नेऊन राह्यली. आज काऊन विचारन? शब्द आपल्या माणसाचा होता," बाई म्हणाल्या, आणि कारकुनाकडे वळून, "लिलाव उद्याबी होते भाऊ. गाय मेली तं?"

डॉक्टर बांबूच्या नळीने औषध पाजत होता आणि आमच्या मालकीणबाई शेणात गुडघे टेकून गाईचं डोकं धरून बसल्या होत्या. संध्याकाळी गाय उठली. दूधवाली रडली आणि मीही डोळे पुसले, ते शाईच्या हाताने. सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी माझ्याकडून नाटकाच्या पाट्यांचे मोठे लाकडी खिळे जुळवून घेतले आणि नियम छापून भिंतीवर लावला. रॉकेल मोरीत जाणार नाही. ते झाकणाच्या डब्यात निवळू द्यायचं, वरचं नितळ पुन्हा वापरायचं, खालचा गाळ उधई, म्हणजे वाळवी, लागलेल्या खांबांना फासायचा. सोड्याचं पाणी विहिरीपासून दूर, चुना घातलेल्या खड्ड्यात. पुसताना खिडक्या उघड्या. आणि छापखान्यात धुवण हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. आमच्या पाण्याचं नाव त्या दिवसापासून 'जहर' पडलं. सरकारने असलं काही मागितलं नव्हतं. तसले कायदे येईपर्यंत माझे केस पांढरे झाले, आणि ते वाचताना मला दर वेळी ती भिंत आठवली.

काही दिवस दूध वापरू नका, असं डॉक्टरने सांगितलं होतं. बाईंनी रतीब मात्र बंद केला नाही. रोज दूध मापून घ्यायच्या आणि त्याच खड्ड्यात ओतायच्या. आम्ही कोरा चहा पीत कुरकुरायचो. अशी बाई मी पुन्हा पाहिली नाही.

पण एक गोष्ट नियमाने सुटेना. मागच्या दाराशी धुवणाची बादली तशीच राहायची. दूधवाली बोलायची, हसायची, बादलीकडे मात्र पाहायची नाही. बाईंना ते फार लागलं. जेवताना त्या दाराकडे बघत बसायच्या.

एका सकाळी दूध घालून ती परत निघाली, तशी बाईंनी बादली उचलून हाक मारली, "अवो, धुवण ने."

ती थबकली. "राहू द्या ना बाई, आज कोंडा नाई."

बाईंनी लोटा बादलीत बुडवला, तोंडाला लावला आणि त्या घटाघटा प्यायल्या. पुन्हा भरला. आम्ही हातातले खिळे हातातच धरून बघत राहिलो.

दूधवालीने पुढे होऊन त्यांच्या हातातून बादली ओढून घेतली.

"बस करा वो बाई," ती म्हणाली, "माह्या गाईले ठेवा थोडं."